फळ आणि पिशवी यांच्यातलं अंतर

घोडेगाव
४ नोव्हेंबर २००१

कपिलदादास,
सप्रेम जय भीम.
जे घडलं ते क्रमानं लिहिते.

१. ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यात आपल्या डाळिंबाच्या बागेत दिवेलागणीनंतर पतंग येऊ लागले.
२. ते पिकत आलेल्या फळांवर बसले आणि सालीत सोंड खुपसून रस प्यायले. भोकाभोवतीची साल मऊ पडली, फळं आतून सडली आणि गळाली. बहराचं फार थोडं हाती राहिलं.
३. त्याच पतंगाच्या अळ्या मी आपल्या कांद्याच्या बराखीत पिंजऱ्यांमध्ये पाळत होते.
४. शनिवारी संध्याकाळी तू बागेत एक पतंग पकडलास, बॅटरीच्या उजेडात माझ्यासमोर धरलास आणि विचारलंस, "तुझ्याकडं हाच हाय का?" मी म्हणाले, "हो, हाच प्रकार." तेव्हा अण्णा आणि शेजारचे कुंडलिकभाऊ तिथं उभे होते.
५. तू पिंजरे बाहेर काढून पेटवलेस. पिंजरे तूच केलेले होते.
६. सोमवारी तू शीलावहिनीला घेऊन भोसरीला गेलास.

चौथ्या आणि पाचव्या मुद्द्याच्या मध्ये मला एक वाक्य बोलायचं होतं. ते राहिलं, म्हणून इथं लिहिते. त्या दिवशी पिंजऱ्यांत एकही पतंग नव्हता. काही अळ्या होत्या, बाकी सगळे कोष. त्यातून बाहेर पडून बागेत जाईल असं काहीच नव्हतं.

हे आता सिद्ध करता येत नाही, कारण कोष जळले. माझ्या शब्दावर विश्वास ठेव असं मी म्हणत नाही. दुसरी रीत शोधते आहे.

घरी आल्यागेल्याला तू सांगायचास, "आमची प्रज्ञा जुन्नर-आंबेगावातल्या पतंगांची शिरगणती करती." ते जवळपास बरोबर होतं. अळी बघून बऱ्याचदा पतंगाचं नाव सांगता येत नाही. ती ज्या झाडावर सापडली त्याच झाडाची पानं घालून वाढवायची, कोष होऊ द्यायचा, पतंग बाहेर आला की पंख पसरून मग नाव लावायचं. या अळ्या आहुप्याच्या वाटेवर गुळवेलीवर मिळाल्या होत्या. त्यांतले पहिले दोन पतंग आधीच निघाले होते आणि मी ते तेव्हाच टाचून ठेवले होते, म्हणून तू धरलेला मला ओळखता आला. पानांचीही सोय होती, घरच्याच बांधावरून आणत होते. म्हणून त्या पिंपरी पेंढारला, घरी ठेवल्या. दुसरं कारण नव्हतं.

कुंडलिकभाऊ त्या संध्याकाळी जे म्हणाले, "राव, ही पोरगी किडं मारायचं शिकली का पाळायचं?", ते मीही ऐकलं. त्यांच्याही बागेचं नुकसान झालं आहे. त्यांना उत्तर द्यायची माझी इच्छा नाही.

अण्णांची साखर तपासली. वाढलेली आहे, पण घाबरण्यासारखं नाही.

प्रज्ञा


घोडेगाव
२० जानेवारी २००२

दादा,

मागच्या पत्राचं उत्तर आलं नाही. मी मागितलंही नव्हतं.

पिंजरे आता इथं, माझ्या खोलीत आहेत. पिंपरी पेंढारच्या घरात, बराखीत किंवा शिवारात माझी एकही अळी नाही आणि यापुढं नसेल. हे मुद्दाम लिहून ठेवते, कारण पुढच्या हंगामात त्याचा उपयोग होईल. पिंजरे नसतानाही पतंग आले तर ते कुठून आले हा प्रश्न सगळ्यांनाच विचारावा लागेल. आले नाहीत तर तू बरोबर होतास, आणि तसं मी कुंडलिकभाऊंसमोर म्हणेन.

नवे पिंजरे इथल्या सुतारानं केले. दारं नीट बसत नाहीत. मी फटीत कापूस कोंबते.

वहिनीनं फोनवर सांगितलं की तू वर्कशॉपमध्ये ड्रिलवर आहेस. म्हणून सोबतचं चित्र पाठवते. ही त्या पतंगाची सोंड आहे, सूक्ष्मदर्शकाखाली बघून काढलेली. साध्या फुलपाखराची सोंड मऊ असते, फुलातला रस ओढण्यापुरती. याच्या सोंडेचं टोक कडक आहे आणि त्यावर मागं वळलेले दाते आहेत. तुमच्याकडं पातं फिरवून भोक पाडतात. हा फिरवत नाही, दोन अर्ध्या पात्यांसारखे भाग मागंपुढं सरकवत आत घुसतो. लांबी साधारण एक इंच. मी मोजलेल्यांत सव्वा इंचाच्या वर एकही गेली नाही. डाळिंबाची साल त्याला जड नाही.

तुला यात रस नसेल तर चित्र फेकून दे. माझ्याकडं दुसरं आहे.

आईचं म्हणणं आहे की शीलावहिनीला थंडीत तिकडं खोकला होतो, तर लाकडी घाण्याचं तेल पाठवायचं का. मी विचारते म्हणून सांगितलं. विचारलं.

प्रज्ञा


पिंपरी पेंढार
२२ सप्टेंबर २००२

दादा,

पतंग आले.

मी रविवार धरून चार दिवस घरी आहे. आई आणि मी जेवणं आटोपून बागेत जातो. आई बॅटरी धरते, मी जाळी. बॅटरीचा उजेड पडला की पतंगाचे डोळे निखाऱ्यासारखे चमकतात, त्यामुळं शोधावं लागत नाही. पहिल्या दिवशी आई घाबरली. दुसऱ्या दिवशी तीच मला दाखवू लागली.

"त्यो बघ. त्या खालच्या फांदीला. अगं, तिकडं कुठं, माझ्या हाताकडं बघ."

"दिसला."

"दिसला काय, धर की. फळ पिऊन जाईल तवर."

पकडलेले सगळे सकाळी उजेडात पाहिले. पुढचे पंख वाळक्या पानासारखे, मागचे नारिंगी. मागच्या पंखावर काळा डाग असतो. काहींचा डाग गोल आहे. बराखीत होता तो हा. पण निम्म्याहून जास्त पतंगांचा डाग गोल नाही, वाकडा आहे. आईनं बघितल्या बघितल्या सांगितलं, "ही तर कोयरी." आता आम्ही घरात त्यांना टिकलीवाला आणि कोयरीवाला म्हणतो. माझ्या नोंदीत अर्थातच त्यांची शास्त्रीय नावं आहेत.

कोयरीवाला मी कधीही पाळलेला नाही. आहुप्याच्या अळ्यांतूनही तो निघालेला नव्हता. म्हणजे या बागेत एक नव्हे, दोन प्रकारचे पतंग येतात, आणि त्यातला जो जास्त संख्येनं येतो त्याच्याशी माझ्या पिंजऱ्यांचा कधीच संबंध नव्हता. गेल्या वर्षी आपण एकच पतंग पकडून बघितला. एका पतंगावरून बागेबद्दल काही ठरवता येत नाही.

कुंडलिकभाऊ बांधावर आले होते. त्यांच्याकडंही भोकं पडली आहेत. अण्णांना म्हणाले, "पिंजरं जाळलं तरी आलंच की वो. मग आता कुनाला जाळायचं?" आणि हसले. अण्णा हसले नाहीत. मग कुंडलिकभाऊंनीच तंबाखू मळून अण्णांपुढं धरली.

फवारणीचा उपयोग नाही. पतंग दिवसा बागेत थांबतच नाही, संध्याकाळी पाहुण्यासारखा येतो आणि खाऊन जातो. म्हणून फळ झाकून बघते आहे. एका ओळीला वर्तमानपत्राच्या पिशव्या घातल्या. पाऊस आला की कागद फळाला चिकटतो आणि पतंग कागदातूनच सोंड घालतो. आईनं जुन्या साडीच्या पिशव्या शिवल्या, त्यांचंही तेच. कापड फळाला टेकलं की झालं. पिशवी फळापासून दूर राहायला हवी. आत काहीतरी चौकट लागेल. करंजाच्या काड्या वाकवून बघितल्या, दोन दिवसांत सुटल्या.

हे तुला कळावं म्हणून लिहिते आहे. मदत मागत नाही.

प्रज्ञा


पिंपरी पेंढार
१३ ऑक्टोबर २००२

दादा,

पतंग बाहेरून येतात हे ठरलं, पण कुठून? अळी वाढल्याशिवाय पतंग होत नाही, आणि ही अळी डाळिंबाचं पान खात नाही. सबंध बागेत मला एकही सापडली नाही. म्हणून इतके दिवस मी नको तिथं, बागेतच शोधत होते आणि बागेबाहेर बघत नव्हते.

काल सकाळी अण्णांचा काढा करायला आईनं गुळवेलीचं कांडं आणायला सांगितलं. विहिरीकडच्या बांधावर निंबावर चढलेली वेल आहे, तिची पानं गेल्या वर्षी मी रोज हाताला लागतील तेवढी खालून तोडायचे. कांडं जाड हवं म्हणून काल वर हात घातला. पानाखाली अळी होती. काळसर, बोटाएवढी, अंगावर डोळ्यांसारखे दोन दोन ठिपके, आणि धक्का लागला की मान दुमडून तेच डोळे पुढं करणारी. मग शिडी लावली. वरच्या सगळ्या पसाऱ्यात त्या होत्या. बांधानं पुढं गेले. आपल्या बागेच्या तिन्ही बाजूंना गुळवेल आहे. कुंपणाच्या प्रत्येक निंबावर, शेवग्यावर आणि तारेच्या खांबांवरसुद्धा. पुढं ओढ्याच्या काठानं आणि कुंडलिकभाऊंच्या बांधालाही.

थोडक्यात, पतंगांचं पाळणाघर बागेला वेढा घालून उभं आहे. माझ्या पिंजऱ्यांपेक्षा शेकडो पटींनी मोठं.

काही अळ्या मी घोडेगावला नेते आहे. कोष होऊन त्यातून काय निघतं ते बघितल्याशिवाय नाव लावणार नाही.

आईला सांगितलं की वेल काढावी लागेल. तिनं हातातलं तसंच खाली ठेवलं.

"वेल न्हाई काढायची."

"आई, सगळी बाग तिच्यामुळं जाती."

"बाग जाऊ दे. तुझ्या बापाला रोज सकाळी कांडं लागतं. त्याची साखर त्या वेलीवर हाय."

"गोळ्या चालू आहेत ना?"

"गोळ्या तुमच्या. वेल माझी."

अण्णा ओट्यावर बसून ऐकत होते. म्हणाले, "दोघी बी बरोबर हायसा. आता मला चहा द्या, बिनसाखरेचा."

वेल पहिल्यांदा कोणी लावली हे मी विचारलं नाही. ते महत्त्वाचं नाही.

प्रज्ञा


घोडेगाव
१० नोव्हेंबर २००२

दादा,

आळेफाट्याच्या स्टँडवर आपल्या नावाचं पार्सल आलं होतं. अण्णा जीपनं जाऊन घेऊन आले. आत तारेच्या गोल कड्या होत्या. सगळ्या एका मापाच्या, सांधा इतका साफ घासलेला की बोट फिरवलं तरी लागत नाही. फळाला ओरखडा उठू नये याची ती काळजी आहे असं मला वाटतं. पाठवणाऱ्याचं नाव नव्हतं, चिठ्ठी नव्हती. भोसरीत वर्कशॉप पुष्कळ आहेत. कोणीही केल्या असतील. म्हणून मी विचारत नाही.

फक्त एक नोंद करते. मी कडीचा व्यास मोजला. डाळिंब मधोमध धरलं तर चारी बाजूंना सव्वा इंचाहून थोडं जास्त अंतर राहतं. सोंडेची लांबी मी कुंडलिकभाऊंना सांगितलेली नाही, आईलाही नाही. ती मी एकाच पत्रात लिहिली होती.

एक कडी वर, एक खाली, मध्ये साडीचं कापड ताणून शिवलेलं. आई दिवसाला जितक्या शिवते तितक्या अण्णा आणि मी बांधतो. पहिल्या पिशव्या बांधल्या त्या संध्याकाळी आम्ही तिघं बागेत थांबलो. कोयरीवाला आला, पिशवीवर बसला, सोंड आत घातली. सोंड कापडातून आत गेली आणि फळापर्यंत पोचली नाही. त्यानं जागा बदलली, पुन्हा घातली. पुन्हा नाही. मग उडाला.

आई म्हणाली, "उपाशी गेलं बिचारं."

अण्णा म्हणाले, "जाऊ दे. मलाबी गोड बंद हाय."

कुंडलिकभाऊ सकाळी आले. "तुळशीदासराव, आकाशकंदील लावलं का काय बागंत?" असं अण्णांना मोठ्यानं विचारून ते ओळीतून हिंडले. एक पिशवी वर करून फळ सगळीकडून फिरवून बघितलं. जाताना मला म्हणाले, "पोरी, ह्या कड्या मिळत्यात कुठं?" मी म्हणाले, "मला माहीत नाही." त्या क्षणी ते खरं होतं.

आता वेलीबद्दल. वहिनीनं परवा फोन केला होता. इकडचं तिकडचं बोलून शेवटी तिनं विचारलं, "ती वेल कुनी लावली ते तुमाला ठावं हाय का?" प्रश्न तिचा नव्हता हे तिच्या आवाजावरून कळलं. तिनं तो नीट पाठ केला होता.

हो, मला माहीत आहे. अण्णांनी सांगितलं. अण्णांची साखर पहिल्यांदा निघाली त्या वर्षी आईनं गुळवेल मागितली आणि तू ओतूरच्या बाजूनं कांडी आणलीस. एक लावली असती तरी चाललं असतं. तू सबंध कुंपणाला रोवलीस, कधी कमी पडू नये म्हणून. बाग तू त्यानंतर लावलीस, आणि कुंपण तयार आहे म्हणूनच ती जागा निवडलीस.

यावर माझं मत विचारलंस तर ते असं. काडी रोवणाऱ्याला वेल हवी होती. पतंगाला पान हवं होतं आणि जवळच फळ मिळालं. यात कोणी कोणाचं वाईट करायला निघालेलं नव्हतं. हे माहीत नसणं हा दोष असेल तर तो ज्याच्या त्याच्या बांधावर आहे, कारण गुळवेल गावभर आहे आणि ही गोष्ट गावात कोणालाच माहीत नव्हती. मलाही नव्हती. मी तर रोज त्याच वेलीखाली उभी राहून पानं तोडत होते, आणि माझं काम तेच आहे.

कुंपणाची वेल काढली. विहिरीवरची एक ठेवली आहे. अण्णा रोज सकाळी शिडी लावून तिची पानं उलटून बघतात आणि अळ्या वेचून साबणाच्या पाण्यात टाकतात. माझ्यासाठी दोन-चार डब्यात ठेवतात. आईची वेल राहिली, अण्णांचं चालणं होतं. डॉक्टर म्हणाले, साखर उतरली. आई म्हणते काढ्यानं, मी म्हणते चालण्यानं. यावर प्रयोग करायचा माझा विचार नाही.

बांधावरून नेलेल्या अळ्यांचे पतंग निघाले. टिकलीवाले आणि कोयरीवाले, दोन्ही.

प्रज्ञा


पिंपरी पेंढार
२० एप्रिल २००३

दादा,

हे पत्र एका निर्णयासाठी आहे.

गेल्या बहरात पिशवी घातलेल्या फळांना भोकं पडली नाहीत. ज्या थोड्यांना पडली त्यांच्या पिशव्यांचं कापड उसवलेलं होतं. न झाकलेल्या फळांचंही नुकसान आदल्या वर्षीपेक्षा कमी झालं. ते वेल काढल्यामुळं की त्या वर्षी पतंगच कमी होते म्हणून, हे एका हंगामावरून सांगता येत नाही. आणखी दोन हंगाम बघावे लागतील. या सगळ्यावर मी लिहिलेलं टिपण माझं काम तपासणाऱ्या आमच्या सरांनी वाचलं. त्यांनी दोन ठिकाणी "हे तपासा" असं लिहिलं आणि शेवटी "कड्या कोणी केल्या, त्यांचं नाव हवं" असं लिहिलं. ती जागा मी कोरी ठेवली आहे.

बाग आत्ता ताणावर आहे. मार्चपासून पाणी तोडलं आहे. पानं पिवळी पडून गळाली, काड्या उघड्या झाल्या. रस्त्यानं जाणाऱ्याला वाटतं बाग मेली. तुला सांगायला नको की तसं नसतं.

कुंडलिकभाऊंनी ती जमीन टोमॅटोला खंडानं मागितली आहे. वाईट हेतूनं नाही. ते अण्णांना म्हणाले, "कपिल काय आता येतोय व्हय राव? तुमी दोघं म्हातारी, पोरगी फिरतीवर. झाडं काडून टाका, मी कसतो." अण्णांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "झाडं मी लावली न्हाईत. ज्यानं लावली त्याला इचारावं लागंल." कुंडलिकभाऊ म्हणाले, "मग इचारा की." अण्णा म्हणाले, "त्याची बहीण लिहिती त्याला." असं हे काम माझ्याकडं आलं.

झाडं ठेवायची असतील तर मेच्या शेवटी छाटणी करून पहिलं पाणी द्यायचं. काढायची असतील तर पावसाआधी काढावी लागतील, नंतर मशीन वावरात येणार नाही. दोन्हीपैकी एक, पण वेळेत.

झाडं ठेवली तर मागच्या दुप्पट कड्या लागतील. कुंडलिकभाऊंना त्यांच्या बागेसाठी हव्यात त्या वेगळ्या. काल ते म्हणाले, "लई नाय, निदान दोन ओळींपुरत्या तरी बघ पोरी." त्यांना मी अजूनही कुठून मिळतात ते सांगितलेलं नाही.

मला काय वाटतं ते तू विचारलेलं नाहीस. तरी लिहिते. बाग ठेवावी. कारण शास्त्रीय आहे, तीन हंगामांशिवाय माझं टिपण पुरं होत नाही. दुसरं कारणही आहे, पण त्याला पुरावा जोडता येत नाही.

बराख रिकामी आहे. आई म्हणते, तिथं पिंजरे ठेवायला आता हरकत नाही, पतंगांचं घर कुठं होतं ते सगळ्यांना कळलं. मी अजून नेलेले नाहीत. सुतारानं केलेल्या पिंजऱ्यांची दारं अजूनही नीट बसत नाहीत.

पहिलं पाणी द्यायचं की नाही, एवढंच कळव. पोस्टकार्डावर "हो" किंवा "नाही" लिहिलंस तरी चालेल. स्वतः येऊन सांगितलंस तरी चालेल. १५ मेपर्यंत उत्तर पाठव.

तुझी,
प्रज्ञा